दोन नंबरची वायर

३ मार्च, मंगळवार

अकरा वर्षांनी आज धाकट्याच्या घरातलं माणूस माझ्या घरात पाऊल टाकून गेलं. धाकटा नव्हे, तो कसला येतोय! त्याची मुलगी, टिंबू. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती, की मी म्हटलं होतं, "हे तर बारीक टाइपातलं टिंब आहे." तेव्हापासून टिंबूच. आता दूर देशी नोकरीला असते, पंधरवड्याच्या रजेवर आली आहे.

"मोठे काका, एक काम होतं."

"कामाशिवाय कोण येतंय इकडे," मी म्हटलं. आतून ही ओरडली, "पोरीला आधी बसू तर द्या!"

काम असं, की त्यांना इंटरनेट हवंय आणि कंपनी एका घराला एकच जोडणी देते. मधे भिंत घालून घराचे दोन भाग झाले खरे, पण कागदोपत्री घर अजून एकच, आणि जोडणी माझ्या नावावर. तेव्हा तुमच्यातूनच एक वायर आम्हाला द्या, असं पोरीचं म्हणणं.

"तुझ्या बापाला कशाला हवंय इंटरनेट? कॉम्प्युटरचं नाव काढलं की अंगावर यायचा."

"माझ्याशी बोलायला," टिंबू म्हणाली, आणि तिने हिच्याकडे पाहिलं. ही एकदम कपबशा आवरायला लागली. अजून चहा प्यायचा होता माझा.

मी हो म्हटलं. पोरीने काय घोडं मारलंय माझं? शिवाय उद्या कुणी म्हणायला नको, की थोरल्याने साधी वायर दिली नाही. वायर देणारा मी आणि घेणारा तो, हे त्याला रोज आठवेल, तेही काही वाईट नाही. (हे शेवटचं वाक्य हिला दाखवायचं नाही.)

५ मार्च, गुरुवार

आज जोडणी झाली. माझ्या कॉम्प्युटरला पाहून टिंबू पोट धरून हसली. "काका, हा संग्रहालयात द्या!"

"दे, आणि शेजारी मलाही ठेवून ये," मी म्हटलं.

तिला काय कळणार. अठरा वर्षं झाली त्याला, पण माझी छापखान्याची अक्षरं फक्त त्याच्यावरच चालतात. मी खिळे जुळवण्यात उभी हयात घालवलेला माणूस. शिशाचे खिळे गेले तेव्हा ही अक्षरं घेतली, आता तिसऱ्यांदा अक्षरं बदलायची ताकद नाही. व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं, शाळेचे कागद, एवढं काम अजून येतं. मजकूर जुळवायचा, त्याचं चित्र करायचं आणि गिऱ्हाइकाला पाठवायचं.

धाकट्यासाठी तिने आणलेला तो पातळसा कॉम्प्युटर वेगळ्याच जातीचा आहे. दोघांचं आपसात पटत नाही म्हणे, पण इंटरनेट मात्र दोघांना वाटून घेता येतं. "म्हणजे आमच्यापेक्षा शहाणे आहेत," मी म्हटलं. ती हसली नाही.

माझ्या टेबलावरच्या इंटरनेटच्या डब्याला चार भोकं आहेत. एक नंबरला मी. दोन नंबरची वायर मधल्या दारावरून पलीकडे गेली. मधलं दार म्हणजे आता विटाच, पण वर जुन्या घंटीच्या तारेचं छिद्र राहिलं होतं. तिकडे कॉम्प्युटर सुरू झाला की इकडे दोन नंबरचा हिरवा दिवा लागतो.

जाताना टिंबूने एक जादा उद्योग केला. माझ्या कॉम्प्युटरवर एक कप्पा उघडून दिला, त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत 'madhale daar'. दोघांपैकी कुणीही त्यात काही टाकलं की दुसऱ्याला दिसणार. पारखायला तिने तिकडून एक फोटो टाकला, तो इकडे लख्ख उघडला. आमचा छापखाना. धाकटा ट्रेडलवर पाय मारतोय, मी मागे खिळे जुळवायची स्टिक घेऊन उभा आहे, आणि दोघंही कशाला तरी हसतोय.

"कशाला उकरून काढतेस," मी म्हणालो.

"सहज," ती म्हणाली.

सहज काही नसतं. त्या छपाईयंत्रावरूनच तर भिंत उठली. धाकटा आठ दिवस सासुरवाडीला गेला होता, मी ट्रेडल भंगारात घातली आणि खिळे ठेवायच्या खणाखणांच्या केशीही देऊन टाकल्या. त्या जागेवर हा कुणीतरी सात वर्षं वापरलेला कॉम्प्युटर आणला. परत आल्यावर तो रिकाम्या खोलीत किती तरी वेळ उभाच होता. मी म्हटलं, "आता हेच चालायचं. शिकून घे, नाहीतर घरी बस." तो म्हणाला, "तू यंत्र नाही विकलंस दादा, मला विकलंस." मग गवंडी आला. विचारलं असतं तर त्याने विकू दिलं असतं का? मुळीच नाही. म्हणून नाही विचारलं. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

११ मार्च, बुधवार

टिंबू काल गेली. आज दुपारी दोनला दोन नंबरचा दिवा लागला, चारला गेला. मी काही त्याच्यावर डोळा ठेवून नाही. डबा टेबलावरच असतो, दिसतो.

एक गोष्ट मात्र खटकते. पूर्वी भिंतीतून त्याचं गाणं ऐकू यायचं. बेसूर, पण खणखणीत. बायकोवर ओरडणं, शिंका, खोकला, सगळं यायचं. आता सहा महिने झाले असतील, चकार शब्द नाही. भावजय बोलताना ऐकू येते, त्याचं उत्तर कधीच नाही. माझ्या कानावर आपला आवाजसुद्धा पडू नये, असं ठरवलंय की काय? करेलही. लहानपणी आईने रागावलं की चार चार दिवस मुका बसायचा.

हिला म्हटलं तर म्हणाली, "म्हातारे झालेत तेही. तुम्ही तेवढे तरुण."

१७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहून ठेवतोच. म्हणजे पुन्हा कधी मन पाघळलं तर हे पान वाचता येईल.

सकाळी फाटकाशी धाकटा समोरासमोर आला. फार वाळलाय. एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. मला काय वाटलं कोण जाणे, मीच आपणहून बोललो. अकरा वर्षांतला पहिला शब्द माझा! म्हटलं, "काय रे, चालतंय ना इंटरनेट?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. हात वर केला, जा जा म्हणावं तसा, आणि मान फिरवून आत निघून गेला.

माझ्या कानशिलात मारली असती तरी चाललं असतं. वायर माझी, जोडणी माझी, आणि हा साधं 'हो' म्हणत नाही!

घरी येऊन हिला सांगितलं. हिने ऐकून घेतलं, आणि माझी बाजू घ्यायची सोडून म्हणाली, "तुम्ही परत काही विचारू नका हो त्यांना." डोळे भरले होते तिचे. माझा अपमान हिला माझ्यापेक्षा जास्त लागला असावा. कधी कधी बायको चांगली मिळाली असं वाटतं.

हिचीही हल्ली दगदग होते. आमच्याकडे येणंजाणं नसलेली कुणी एक मैत्रीण आजारी आहे म्हणे, तिला रोज दुपारी डब्यातून सूप नेऊन देते. म्हटलं, कोण ती? तर म्हणाली, "तुम्ही नाही ओळखत." एवढ्याशा गल्लीत मी ओळखत नाही असं कोण निघालं?

२४ मार्च, मंगळवार

मधल्या दाराच्या त्या कप्प्यात आज एक नवी फाइल दिसली. नाव 'dada1'.

खोटं कशाला लिहू, हातातलं काम तसंच टाकलं. चष्मा पुसला, उघडली. आत नुसते चौकोन. रिकामे चौकोन, एकापुढे एक, ओळीच्या ओळी. मधे मधे जागा सोडलेली, तळाशी पूर्णविरामासारखं काहीतरी. एक अक्षर नाही.

बोटं कुठंतरी पडली असतील त्याची. बंद करून टाकली.

२ एप्रिल, गुरुवार

आज 'dada2'. पुन्हा चौकोन, या वेळी दीड पान.

पाच मिनिटं बघत बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. एवढा खिळ्यांत जन्म घालवला आणि मला हे पहिल्याच वेळी कळू नये! ही खिळ्यांची रिकामी केस आहे. खण, खण, खण, आणि एकाही खणात खिळा नाही. मी केशी विकल्या ते हा असा माझ्या तोंडावर मारतोय. तोंडाने बोलायचं नाही, फाटकाशी हात झटकायचा, आणि माझ्याच वायरीतून मला टोमणे पाठवायचे. वर नाव द्यायचं 'दादा'.

हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. टिंबूला विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? डोळे आहेत मला."

"डोळे आहेत हो," ही म्हणाली आणि तिथेच थांबली. पुढचं गिळलं तिने. विचारलं, तर म्हणाली, गॅसवर दूध आहे. गॅस बंद होता.

पण दीड पान चौकोन काढायला किती वेळ लागला असेल? रिकामटेकडा आहे, दुसरं काय.

९ एप्रिल, गुरुवार

आज कडेलोट झाला.

शाळेची प्रगतिपुस्तकं आजच दुपारी पाठवायची होती. मुख्याध्यापिकाबाई तिकडे वाट बघत बसलेल्या. दोनला पाठवायला लागलो, ते जाईचना. अडीच झाले, तीन झाले, पडद्यावरची ती पट्टी मुंगीच्या पावलाने सरकतेय. आणि शेजारी दोन नंबरचा दिवा नुसता लुकलुकतोय, क्षणभर विसावा नाही. सगळं इंटरनेट तिकडे ओढून घेतलेलं. बाप-लेक गप्पा मारत बसले असणार. तिच्याशी बोलायला आवाज आहे वाटतं!

साडेतीनला बाईंचा फोन आला. म्हणाल्या, दुसरीकडे दिलं काम, आजोबा, आता असू दे. आजोबा!

फोन ठेवला आणि समोर बघतो तर कप्प्यात 'dada3'. उघडली. चौकोन. या वेळी फार नाहीत, सात-आठ ओळी. माझं काम बुडत असताना हा तिकडे बसून माझ्यासाठी रिकामे खण मांडत होता.

उठलो, आणि दोन नंबरची वायर डब्यातून उपटून काढली. दिवा विझला.

आता येईल बरोबर. नाक मुठीत धरून येईल. तोंड उघडून मागेल, तेव्हाच वायर परत लावीन.

१२ एप्रिल, रविवार

कुणी आलं नाही.

तीन दिवस झाले वायर काढून. भावजय फाटकाशी भेटली, खाली मान घालून गेली. टिंबूचंही काही पत्र नाही. पोरगी एरवी जरा खुट्ट झालं की इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लिहिते.

१५ एप्रिल, बुधवार

अजून कुणी नाही. केवढा हा ताठा! माणसाने एकदा तरी विचारावं, की वायर का निघाली? मी सांगायला तयार बसलोय. दोन वाजले की नजर डब्याकडे जाते, दिवा नसतो. मनात आलं, लावून टाकावी गपचूप. पण मग मीच का? दर वेळी मीच का?

ही दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. मैत्रिणीचं दुखणं वाढलंय म्हणे. म्हटलं, चल, मीही येतो बघायला. तर सूपच्या डब्याचं झाकण घट्ट लावत ही म्हणाली, "वचन दिलंय मी." आजाऱ्याला बघायला जायला कसलं आलंय वचन? बायकांचं काही सांगता येत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

दुपारी जेवून पडलो होतो. बाहेर गाडीचा आवाज, माणसांची पळापळ. खिडकीतून पाहिलं तर रुग्णवाहिका, आणि तीत स्ट्रेचरवरून नेताहेत ते धाकट्याला. मफलर नव्हता. गळ्याला समोरच भोक होतं, त्यावर पट्टी.

ही माझ्या मागे येऊन उभी होती. म्हटलं, "हे काय? कधी झालं हे?"

मग ती फुटली. चाळीस वर्षांत अशी बोलली नव्हती.

"सात महिने झाले! घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला त्यांचा कायमचा. रोज सूप नेत होते ते त्यांनाच. मला शपथ घातली होती, दादाला सांगायचं नाही, मला त्याची कीव नको. मी म्हटलं, जाऊ दे, कधीतरी आपण होऊन जातील हे, भिंतीपलीकडचं माणूस गप्प का झालं एवढं तरी विचारतील! पण तुमचा तो डबा आणि तुमचा तो दिवा! दोन ते चार पोरगी तिकडून बोलायची आणि ते टाइप करून उत्तर द्यायचे. तेवढंच बोलणं उरलं होतं त्यांचं. तेही उपटून टाकलंत!"

"मग मागायला का नाही आला तो?"

"मी म्हटलं, मी सांगते यांना लावायला. तर हाताने नको नको म्हणाले. जाऊबाईंनाही नाही म्हणाले, पोरीलाही कळवू दिलं नाही. पाटीवर लिहिलं, 'दादाने काढली ना, मग असू दे.' नऊ दिवस नुसते भिंतीकडे बघत बसलेत."

मी जाऊन वायर परत लावली. दुसरं काही सुचेना. लावली तरी दिवा लागला नाही. तिकडचा कॉम्प्युटरच बंद होता.

१९ एप्रिल, रविवार

दवाखान्यात गेलो. मोठी खोली, आठ खाटा, तो खिडकीजवळच्या खाटेवर. केवढासा झालाय. गळ्यात नळी, हाताला सलाइन, बोटं सुजलेली. भावजय म्हणाली, "भाऊजी, बसा." एवढंच. ती मला वाटेल ते बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

त्याने डोळे उघडले आणि मला पाहिलं. पाहतच राहिला. मी येईन असं त्याला वाटलंच नव्हतं, हे चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलंच नाही रे." म्हटल्यावर लाज वाटली. माझं घोडं पुढे दामटायची सवय जात नाही.

भावजयीने पाटी धरली, पण त्याच्या बोटांत पेन्सिल ठरेना. मग त्याने हात जरासा उचलला, एक बोट माझ्याकडे केलं. नंतर अंगठा आणि बोट चिमटीसारखं जुळवून काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं. पुन्हा माझ्याकडे बोट, पुन्हा ओढल्यासारखं. भुवया वर. काहीतरी विचारत होता.

मला कळलं. गळ्यातली नळी टोचत असणार. मी म्हटलं, "हो रे हो, मीच काढतो. मी काढायला लावतो, तू काळजी करू नकोस." आणि जोरजोरात मान हलवली. नर्सला जाऊन सांगितलंही. ती म्हणाली, आजोबा, ती नळी काढून कसं चालेल.

परत आलो तर तो माझ्याकडेच बघत होता. मग माझ्या हातावर त्याने दोनदा थोपटलं. छापखान्यात शेवटचा ताव निघाला, की गठ्ठ्यावर असाच दोनदा थोपटायचा तो. म्हणजे झालं, काम संपलं. किती वर्षांनी पाहिलं ते! मला फार बरं वाटलं. नळीचं मी बघतो म्हटल्याने त्याचा जीव शांत झाला असेल.

उद्या त्याच्याशी पुष्कळ बोलायचंय. त्याने नुसतं ऐकलं तरी पुरे. चौकोनांचा रागही मी सोडून दिलाय.

२१ एप्रिल, मंगळवार

धाकटा काल पहाटे गेला.

मी सूपचा डबा घेऊन निघण्याआधीच फोन आला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पाळण्यातून उचलून मीच त्याला पहिल्यांदा छापखान्यात नेला होता, तर शाईचा वास आल्यावर शिंकला होता. आज दुसरं काही लिहिवत नाही.

२६ एप्रिल, रविवार

टिंबू परवा पोचली. बापाचं तोंड दिसलं नाही तिला. शेवटचं बोलणं झालं ते त्या नऊ तारखेला. तेही साडेतीनला अर्ध्यावर तुटलं. ती सांगत होती, मी ऐकत होतो. "मला वाटलं, बाबा दमले. दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून तीन शब्द आले, 'काही दिवस नको.' मी म्हटलं, बरं."

वायर मी काढली, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ही सांगणार नाही. भावजयही सांगणार नाही. मला सांगायला हवं. आज जीभ उचलली नाही.

३ मे, रविवार

आज सांगितलं. टिंबू म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, काका." मोठ्या मनाची पोरगी आहे. पण त्यानंतर ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग म्हणाली, "त्या फाइली तुम्ही वाचल्यात ना? बाबा त्यात रोज काहीतरी लिहायचे. मला विचारायचे, दादाने उघडल्या असतील का?"

मी म्हटलं, "चौकोन होते गं नुसते." आणि तिला दाखवलं.

ती माझ्या कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसली. "काका, हे चौकोन नाहीत. ही अक्षरंच आहेत. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला नवी मराठी कळत नाही, जे कळत नाही तिथे तो चौकोन काढतो. मी फोटो टाकून बघितला, लिहून काही बघितलंच नाही. माझी चूक आहे ही, माझी." पोर ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. म्हटलं, तुझी नाही गं.

तिने पलीकडच्या कॉम्प्युटरवर तिन्ही फाइली उघडल्या, कागदावर छापून आणून दिल्या. "तुमच्या आहेत, मी वाचल्या नाहीत," म्हणाली आणि गेली.

पहिलं पत्र:

"दादा, एका ओळीला अर्धा तास लागतोय. तू म्हणाला होतास, शिकून घे. अकरा वर्षं लागली, पण शिकलो बघ. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. तू फाटकाशी बोललास तेव्हा मला उत्तर द्यायचं होतं. तोंडातून वारा निघाला नुसता, मग लाज वाटली. इंटरनेट छान चालतं. वहिनीवर रागावू नकोस, शपथ मीच घातली आहे."

दुसरं मोठं होतं, त्यातलं एवढंच इथे उतरवतो:

"ट्रेडल विकलीस ते बरोबरच होतं. माझा गुडघा तेव्हाच गेला होता, तुला कळू दिलं नव्हतं. फक्त मला विचारायचं होतंस. भंगारवाल्याला मीच घेऊन आलो असतो आणि दोघांनी मिळून तिला शेवटचं तेल घातलं असतं."

तिसरं, नऊ एप्रिलचं, सगळं:

"दादा, डॉक्टर म्हणतात आता थोडेच दिवस. एकदा ये. भिंतीतून हाक मारली असती, पण तेवढा आवाज आता नाही. यायचं नसेल तर काही लिहू नकोस, लिहिण्यातून पुन्हा भांडण व्हायचं. नुसती माझी दोन नंबरची वायर डब्यातून काढून ठेव. इकडे बंद पडलं की मी समजेन. राग मानणार नाही, परत विचारणारही नाही. तुझा धाकटा."

किती वेळा वाचलं, मोजलं नाही.

त्याला नळीचं काही म्हणायचंच नव्हतं. एक बोट माझ्याकडे, मग चिमटीने ओढल्यासारखं. तो विचारत होता, वायर तूच काढलीस ना? आणि मी मान हलवून, हसून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं त्याला म्हणालो, हो रे हो, मीच.

आणि तरी त्याने माझ्या हातावर थोपटलं. राग मानणार नाही म्हणाला होता, नाही मानला.

मघाशी ही आली. ओले हात पदराला पुसत विचारलं, "काय लिहिलंय हो भाऊजींनी?" मी तिला पहिलं वाचून दाखवलं, दुसरं वाचून दाखवलं. "आणि तिसरं?"

मी म्हटलं, "तिसरं नाही उघडलं. चौकोनच आलेत."

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. पाठीमागून अक्षरं दिसत असणार, कागद पातळ आहे. "असू दे मग," ती म्हणाली आणि आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ ती एकच पातेलं घासत होती.